पागोळीखाली धरलेली लोकर

फोंड्यात लोकरीचं काम करते म्हटलं की लोक आधी विचारतात, गोव्यात मेंढ्या कुठे आहेत? नाहीतच. इथले गवळी धनगर म्हशी आणि शेळ्या राखतात. हा पाऊस दख्खनी मेंढीला मानवणार नाही. माझी लोकर निपाणीकडून येते, बेळगावच्या भाजीच्या टेंपोतून, चोर्ला घाट उतरून. काळी, तपकिरी, क्वचित पांढरी. रंग लावायची गरज नसते.

गेल्या आषाढात पोत्यासोबत आबाही आले. ज्यांच्या कळपाची लोकर मी घेते ते हे. नातवाला मंगेशीला दर्शनाला आणलं होतं, जाता जाता "तू काय करतीस ते बघू" म्हणून पडवीत टेकले.

त्याआधी महिनाभर मी फार अस्वस्थ होते. पणजीच्या एका दुकानाने माझ्या बारा पिशव्या परत पाठवल्या होत्या, मेंढीचा वास येतो म्हणून. तेव्हापासून मी लोकर कढत पाण्यात, धुण्याच्या सोड्यात दोन-दोनदा धूत होते. वास गेला. पण चरख्यावर सूत तुटायला लागलं. पीळ कमी पडतोय, पिंजण नीट झालं नाही, असं धरून मी रात्री उशिरापर्यंत तेच परत परत कातत बसायची.

आबांनी धुतलेल्या लोकरीचा पुंजका उचलला. दोन बोटांत धरून ओढला, कानाजवळ नेला. बारीक कडकड आवाज आला. मग तोच पुंजका गालाला लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"ह्ये काय केलंस पोरी? हिच्यात त्याल मुळातच थोडं. त्येबी काढलंस."

बाहेर पागोळ्या धो धो गळत होत्या. त्यांनी पोत्यातली न धुतलेली मूठभर लोकर एका हातात घेतली, माझी दुसऱ्या हातात, आणि दोन्ही हात पागोळीखाली धरले. न धुतलेल्या लोकरीवर पाण्याचे मणी झाले. हात झटकला तसे उडून गेले. माझी लोकर क्षणात भिजून बोटांना चिकटली, लिबलिबीत, मेल्यासारखी. मला रडूच आलं. घोंगडं पांघरून माणसं पावसात मेंढरामागे उभी राहतात ते कशाच्या बळावर, हे सहा वर्षं हे काम करूनही मी हातात धरून कधी बघितलं नव्हतं.

मग ते बराच वेळ बोलत होते. कातरणीआधी मेंढरं ओढ्यात धुतात, तेवढं धुणं पुरे. नंतर धुवायची तर कोमट पाणी आणि रिठा, तेही चोळायचं नाही. कढत पाण्यात चोळली की लोकर गोठून तिचा नमदा, म्हणजे घट्ट दाबलेला जाड थर होतो. जावळाची लोकर, म्हणजे कोकराची पहिली कातरण, वेगळी ठेवायची. ती अंगाला लागणाऱ्या वस्तूंना. भरड लोकर आसनांना आणि घोंगड्यांना. मी सगळी एकत्र पिंजत होते.

एक गोष्ट मात्र ते जाताना बोलले, ती मला जास्त लागली. त्यांच्या भावाने काळ्या मेंढ्या काढून माडग्याळ जातीच्या घेतल्या. तिला लोकर नाहीच म्हटलं तरी चालेल, पण मटणाला भाव चांगला. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या पैशातून निघत नाही, मग काळी मेंढी कोण राखणार? "तू घेतीस म्हणून मी ठेवल्यात," म्हणाले. माझ्या दोन पोत्यांनी त्यांचं काय भागणार? तरी ते तसं म्हणाले.

सोडा बंद केला. आता पहिलं धुणं रिठ्याचं, दुसरं नुसत्या पावसाच्या पाण्याचं, मग पडवीत वाऱ्यावर. श्रावणात ऊन पडलं की अंगणात खाट टाकून लोकर पसरते, कसर लागू नये म्हणून मध्ये कडुनिंबाचा पाला घालते. थोडा वास राहतो. दुकानदाराला तसं स्पष्ट सांगितलं; त्याने पिशव्या घेतल्या नाहीत.

सूत मात्र आता तुटत नाही. दिवसभर कातलं की संध्याकाळी बोटं मऊ होतात, तुपाचा हात लागल्यासारखी.