दीड एकर गहू, पाऊण तास

आमच्या दीड एकरातला गहू आज पंजाबहून आलेल्या हार्वेस्टरने पाऊण तासात काढला. पहिल्याच फेरीनंतर चालक खाली उतरला, मागे पडलेल्या काडातले दाणे त्याने तळहातावर घेतले, फुंकर मारून निरखले आणि पंख्याचा वारा थोडा कमी केला. दाणा भुशाबरोबर उडतो आहे, हे त्याला तेवढ्यावरून कळले. आजोबा वावडीवर, म्हणजे उफणणीच्या उंच तिवईवर, उभे राहून, वाऱ्याची वाट पाहत जे काम दिवसभर करीत, ते आता यंत्राच्या पोटात चालते. पुढचे पाते पीक कापते, ड्रम मळणी करतो, चाळण्या आणि पंखा उफणणी उरकतात. ही कामे एकत्र करण्याची कल्पना मात्र आपण समजतो त्याहून बरीच जुनी आहे: अमेरिकेतील मिशिगनच्या हायरम मूर यांनी १८३६ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले होते आणि ते ओढायला घोड्यांचा मोठा ताफा जुंपावा लागे.

माझी तक्रार एकच आहे. मळणी वेगळ्या मळणीयंत्राने केली असती तर अंगणात भुशाचा ढीग लागला असता. आज तो सगळा रानभर विखुरला. गाईसाठी उद्या भुसा विकत आणावा लागणार.