डार्क कंट्रोलची फजिती

आज सकाळी मायक्रोस्कोपखाली बघितलं तर डार्क कंट्रोलच्या (तुलनेसाठी फॉइलमधे झाकून अंधारात ठेवलेल्या) स्टेम सेल्स पण पांगायला लागलेल्या, म्हणजे ज्यांना जराही उजेड मिळायला नको होता, त्या कॉलनीत गुपचूप बसायच्या सोडून मेसोडर्म (भ्रूणातला स्नायू, हाडं, रक्त बनवणारा थर) व्हायला निघालेल्या!! शोधलं तर काय, फॉइलच्या कोपऱ्याला फट आणि इन्क्युबेटरमधे शेजारीच निळा एलईडी चालू. चूक माझीच.

तर या स्टेम सेल्समधे आम्ही क्राय२ नावाचं प्रोटीन घातलंय, मूळचं अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपट्याचं, ४५०-४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश पडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्याला जोडलेला एलआरपी६ या रिसेप्टरचा (पेशीच्या पडद्यावर निरोप घेणाऱ्या प्रोटीनचा) तुकडाही मग गोळा होतो आणि विंट सिग्नल, म्हणजे पेशीला मेसोडर्मकडे ढकलणारा निरोप, सुरू, तो पुढे नेणारं बीटा-कॅटेनिन हे प्रोटीन साठायला लागतं. लाइट बंद केला की काही मिनिटांत घोळके सुटतात. सिग्नल सुरू करायला औषध घातलं तर ते धुवून काढता काढता जीव जातो, इथे नुसतं बटण. (फट नसेल तर!)

बरं प्रकाश जास्त झाला तर मीडियातल्या (पेशींच्या पोषक द्रावणातल्या) रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वामुळे पेरॉक्साइड तयार होऊन पेशीच मरतात, तेही सांभाळायचं.

आता नवीन प्लेट, डबल फॉइल, लाल दिव्यात पिपेटिंग. मोबाईल बाहेरच ठेवलाय, त्याच्या स्क्रीनचा पण भरवसा नाही..