केरो, इलिनॉय

आज सेंट लुईसहून गाडी काढून केरोला जाऊन आलो. इलिनॉयचं अगदी दक्षिण टोक, ओहायो-मिसिसिपीचा संगम. एकीकडचं पाणी हिरवट, दुसरीकडचं गढूळ. लवकर मिसळतच नाही!

गावाभोवती बांध. उत्तरेला हायवेवरच अवाढव्य लोखंडी दरवाजा टांगलाय, पूर आला की खाली सोडायला. २०११ मध्ये गाव वाचवायला पलीकडचा, मिझुरीतला बांध सुरुंगाने उडवला. तिथल्या शेतकऱ्यांचा संताप मला तरी पटतो.

१९२० मध्ये वस्ती १५ हजारांवर, २०२० मध्ये १,७३३. बोटींचा धंदा बसला, हे आहेच. पण १९६९ पासून कृष्णवर्णीयांनी आपल्याला नोकऱ्या न देणाऱ्या दुकानांवर बहिष्कार घातला, तेव्हा कित्येक दुकानदारांनी सरळ कुलपं लावली. कामावर घेतलं नाही ते नाहीच!