गच्चीवरचा राजा

बुधवार, रात्री

आज झोपण्यापूर्वी बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातला चौथा अध्याय पुन्हा काढून वाचला. लहानपणी संडे स्कूलमध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) नबुखद्नेस्सर राजा बैलासारखा गवत खातो हे ऐकून आम्ही मुले हसायचो, आणि त्याची नखे पक्ष्यांच्या नखांसारखी वाढली म्हटले की जो तो आपली नखे लपवायचा. आज मात्र माझे लक्ष भलत्याच ठिकाणी, एका सर्वनामावर अडले.

हा अध्याय म्हणजे राजाने सर्व लोकांना धाडलेले पत्र. आभाळाला टेकलेला वृक्ष, तो तोडण्याची स्वर्गातून झालेली आज्ञा, लोखंड-पितळेच्या पट्ट्याने बांधून जमिनीत राखलेला बुंधा, हे सारे स्वप्न तो स्वतःच ‘मी’ म्हणून सांगतो. पण ते ऐकून स्वप्नांचा अर्थ सांगणारा दानीएल घटकाभर स्तब्ध होतो, तिथपासून निवेदनातला ‘मी’ गळतो आणि राजा परक्या माणसासारखा ‘तो’ होऊन जातो. या साऱ्या भागात राजाच्या तोंडी ‘मी’ येतो तो एकदाच, बारा महिन्यांनी राजवाड्याच्या गच्चीवर फिरताना: हे थोर बाबेल मीच बांधले ना! शब्द तोंडात आहेत तोच आकाशवाणी होते, आणि थोड्याच वेळात हा माणूस माणसांतून हाकलला जाऊन दहिवरात भिजत पडतो. पुढे तो आकाशाकडे डोळे वर करतो, बुद्धी ठिकाणावर येते, आणि त्याच वाक्यात ‘मी’ही परततो. अभ्यासक याला संपादनातली सांधेजोड म्हणतील, म्हणोत बापडे. मला तर शिक्षा इथेच, व्याकरणात झालेली दिसते.

त्याची बढाई पोकळ नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. इ.स.पू. ६०५ ते ५६२ एवढा दीर्घकाळ राज्य करून त्याने बाबेल खरोखरच उभारले, आणि आपण बाबेलचे राजे, नबोपोलस्सराचे ज्येष्ठ पुत्र, असा मजकूर ओल्या विटांवर उठवून घेतला. त्या विटा आजही सापडतात. (१९८०च्या दशकात सद्दाम हुसेननेही तिथल्या नव्या बांधकामात आपल्या नावाच्या विटा बसवल्या.) मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहेतल्या एका त्रुटित अरामी लेखात अशीच सात वर्षांच्या व्याधीची कथा बाबेलच्याच नंतरच्या नबोनिद राजाच्या नावावर आहे, त्यामुळे मूळ हकिकत कोणाची, हा वाद उरतोच.

मला जास्त सलते ते दुसरेच. तोडला जाणारा वृक्ष म्हणजे राजाच, असा अर्थ सांगून झाल्यावर दानीएलाने न विचारता एक सल्ला दिला होता: नीतीने वाग, गरिबांवर दया कर, म्हणजे कदाचित तुझे स्वास्थ्य टिकेल. यरुशलेमेतून पाडाव करून आणलेल्या माणसाने, ज्याने आपले शहर जाळले त्याच राजाला हे सांगावे, याला छाती लागते. त्यानंतर राजाला वर्षभराची सवड मिळाली आणि ती फुकट गेली. पुढे राज्य परत मिळाले, मंत्री आणि सरदार शोधत आले, वैभव पूर्वीपेक्षाही वाढले, आणि राजाने देवाची मनापासून स्तुती केली. शेवटच्या ओळी मी आज दोनदा वाचल्या. त्यांत गरिबांचा उल्लेख कुठेच नाही.