मुक्कामी गाडी आणि नमस्कार

बुधवार, रात्री साडेनऊ

मी एसटीचा वाहक. आज मुक्कामी गाडी, रात्र इथंच गावात. हिशेब जुळला, मार्गपत्रक भरून ठेवलं, तिकिटाचं मशीन आणि कॅश उशाशी. तात्या ड्रायव्हर मागच्या बाकावर केव्हाच आडवे झालेत. सकाळी पावणेसहाला गाडी सुटणार. उद्या दुपारी डेपोत कॅश भरून घर, परवा साप्ताहिक सुट्टी, त्यानंतर पहाटेची पुणे. पुढचं ड्युटीचा तक्ता लागल्यावर कळेल.

अशा नोकरीत व्यायाम बसतो का? माझा बसला आहे. मी तो घड्याळाला बांधलेलाच नाही, उठण्याला बांधलाय. पहाटे चारला जाग येवो नाहीतर सकाळी नऊला, तोंड धुतलं की आधी सूर्यनमस्कार, मग चहा. ड्युटी कितीही फिरली तरी माणूस चोवीस तासांत कधीतरी उठतोच.

रोज पहाटे पाचला उठून पळायला जा, असं पुष्कळजण सांगतात. दिवसपाळीच्या माणसाला ते ठीक आहे. पण रात्री अकराला गाडी डेपोत लावून साडेबाराला अंथरुणाला टेकणाऱ्यानं पाचला उठू नये. झोप मोडून केलेला व्यायाम मला पटत नाही. दुसऱ्या दिवशी भरल्या गाडीत तोल सांभाळायचा असतो, सुट्ट्या पैशांचा हिशेब ठेवायचा असतो, दारात लटकणाऱ्या पोरांवर नजर ठेवायची असते. डोळ्यांवर झोप असली की यातलं काहीच धड होत नाही.

परवा नव्यानं लागलेल्या एका पोरानं विचारलं, "मास्तर, दिवसभर उभंच असतो आपण, वेगळा व्यायाम कशाला?" बरोबर विचारलं त्यानं. पण आपलं ते चालणं म्हणजे सीटांमधल्या बोळातून तिरकं सरकणं. एक हात वरच्या दांडीला, दुसऱ्यात मशीन, बॅग कायम एकाच खांद्यावर. संध्याकाळपर्यंत तो खांदा उतरतो, पोटऱ्या दगड होतात. अंग राबतं, पण मोकळं होत नाही. नमस्कारात हात वर करून मागे झुकलं की बॅगेच्या बाजूचा खांदा पहिल्यांदा कटकन बोलतो. पाचव्या-सहाव्या नमस्काराला गप्प होतो. पर्वतासनात टाचा जमिनीला टेकवायचा प्रयत्न केला की पोटऱ्यांतला ताण खालून वर सुटत जातो, तिथं मी मुद्दाम दोन श्वास जास्त थांबतो. त्या पोराला हे करून दाखवायला हवं, नुसतं सांगून कळायचं नाही.

शिवाय जागा किती लागते? सहा फूट लांब, दोन फूट रुंद. इथं मारुतीच्या देवळाचा सभामंडप आहे, पलीकडच्या मुक्कामाला शाळेची ओसरी. बॅगेत पातळ सतरंजी असते. व्यायामशाळेची फी भरून महिन्यातले निम्मे दिवस तिथं न पोचणारे आमच्यात बरेच आहेत. त्यांचा दोष नाही, व्यायामशाळेच्या वेळा आमच्या ड्युटीसाठी ठरवलेल्याच नसतात.

डबल ड्युटी पडली तर तीनच नमस्कार, पण चुकवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, आणि आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंना ताकदीचं काम. पूर्वी एका वेळी सलग दहा मिनिटं व्हायला हवीत अशी अट होती, ती 2020 मध्ये काढली. आमच्यासारख्यांना ही फार मोलाची गोष्ट आहे. पुढची गाडी लागेपर्यंत स्टँडभोवती झपझप मारलेली फेरीसुद्धा त्यात धरली जाते. ताकदीसाठी घरी असेन त्या दिवशी जोर आणि बैठका. सुट्टीला जमलं तर मुलीला घेऊन औंधच्या यमाईचा डोंगर, पायऱ्यांनी. ती माझ्या पुढे असते.

रहिमतपूरहून वडूजकडे जाताना औंध लागलं की मला हटकून पंतप्रतिनिधींची, म्हणजे जुन्या औंध संस्थानच्या राजांची, आठवण येते. भवानराव महाराज स्वतः नमस्कार घालायचे, आणि त्यांनी ते संस्थानातल्या शाळांमध्ये सुरू केले. मुलाला मन झालं तर घालू दे, असं त्यांनी ठेवलं नाही. शाळेच्या दिवसातच त्यांना जागा करून दिली. राजाची ही दृष्टी मला फार मोठी वाटते.

आमच्या दिवसाला तसं वेळापत्रक नाही, ते ड्युटीच्या तक्त्यावर चालतं. मग सोय जागेतच करायला हवी. चालक-वाहक जिथं विसावतात त्या प्रत्येक खोलीत एक भिंत मोकळी असावी, खाली दोन सतरंज्या, बास. पहाटे तीनला उठलेला आणि दुपारी दोनला उठलेला, दोघांनाही ती वापरता येईल. खर्च जवळजवळ नाहीच. येत्या बैठकीत युनियनच्या लोकांपुढे हे मांडायचं ठरवलंय. तात्यांची सही आजच घेतली.