चार घरं, एक विमा

लेक अमेरिकेतल्या कॉलेजात सोरॉरिटीत, म्हणजे स्वतःचं घर असलेल्या मुलींच्या मंडळात गेली म्हटल्यावर सांगलीहून आईचा प्रश्न आला, “म्हणजे भजनी मंडळासारखं का गं?” भजन सोडून बाकी सगळं, म्हटलं. अध्यक्ष, वर्गणी, रुसवेफुगवे, हिशेबाची वही. ती वही सध्या आमच्या लेकीकडे आहे, म्हणून मला यातलं एवढं कळलं.

अमेरिकेतल्या मोठ्या, नावाजलेल्या सोरॉरिट्या ‘नॅशनल’, म्हणजे कॉलेजोकॉलेजी शाखा असलेल्या. त्यातल्या बऱ्याच जणींची १९०२ सालापासूनची परिषदही आहे. कॉलेजातली शाखा दर मुलीमागे पैसे वर पाठवते. वरून विमा, वकील, प्रशिक्षण मिळतं. सोबत नियमही येतात: नव्या मुली कशा घ्यायच्या, विधी कोणते, घरात दारू चालणार नाही. लेकीची सोरॉरिटी ‘लोकल’, म्हणजे त्या एकाच कॉलेजापुरती. वर कोणी नाही. मला आधी हे भारीच वाटलं.

याचं गाजलेलं उदाहरण डार्टमथ कॉलेजातलं. १९७२ पर्यंत तिथे पदवीला मुलींना प्रवेशच नव्हता. १९७७ साली सिग्मा काप्पा या नॅशनल सोरॉरिटीची शाखा निघाली. नॅशनलच्या गाण्यांत आणि विधींत धर्माला आणि पुरुषांना दिलेलं महत्त्व पुढे मुलींना खुपायला लागलं, आणि १९८८ मध्ये त्या बाहेर पडून ‘सिग्मा डेल्टा’ झाल्या. लोकल झाल्यामुळे त्यांना स्वतःच्या घरात पार्टी करता येऊ लागली. कोणी म्हणेल, दारूसाठी एवढा खटाटोप? पण नॅशनल मुलींच्या घरात दारू नाही म्हटल्यावर पार्टी फ्रॅटर्निटीत, म्हणजे मुलांच्या अशाच मंडळाच्या घरात होते. दारावर मुलं, ग्लास भरणारी मुलं, घरी जायची वाट मुलीने शोधायची. दार आपलं असलं की कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर काढायचं, हे आपण ठरवतो. मुलीची आई म्हणून मला हा मुद्दा लगेच पटला.

पण दार आपलं म्हटलं की जिन्यावरून पडून कोणाचा पाय मोडला, तर दावाही आपल्यावरच. विम्याचं कोटेशन आलं तेव्हा लेकीचा फोन आला, “आई, हे आमच्या वर्षाच्या वर्गणीपेक्षा जास्त आहे.” पन्नासेक मुलींना एकट्याने कोण स्वस्तात विमा देणार! शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये रॅगिंगविरोधी केंद्रीय कायदा झाला. आता कॉलेजांना अशा प्रकरणांची माहिती जाहीर करावी लागते आणि त्यातून लोकल सुटत नाहीत. नॅशनलवाल्यांना मुख्यालय समजावून सांगतं. या मुली रात्री जागून स्वतः वाचतात.

तिच्या कॉलेजात अशा चार लोकल आहेत. विमा एकत्र घ्यावा, प्रशिक्षण एकत्र करावं, पार्टीच्या रात्री एकमेकींच्या घरी न पिणाऱ्या दोघी पहाऱ्याला पाठवाव्यात, असं घाटत होतं. तिघी तयार. चौथ्या घराचं म्हणणं, आज विमा, उद्या नियमावली, परवा मुख्यालय. मला त्या चौथीचंच पटत होतं. लेकीला नाही. “पैसा आणि धोका वाटून घ्यायचा, मुली निवडणं नाही,” ती म्हणाली. मग त्यांनी तसंच लिहून काढलं: समितीने कोणाच्या विधीत, निवडीत किंवा सभासदांच्या यादीत डोकवायचं नाही, कोणाला बाहेर पडायचं असेल तर एक सत्र आधी कळवायचं, आणि जमा वाटा परत मिळेल. हे शेवटचं कलम चौथ्या घराने घालून घेतलं. मला विचाराल तर सगळ्यात शहाणं तेच आहे. बाहेर जायची वाट असली की माणूस आत यायला घाबरत नाही.

सही झाली. पहाऱ्याच्या पाळ्या लागल्या. सध्या भांडण चाललंय ते वर्गणी डोईमागे घ्यायची की घरामागे यावर, कारण एका घरात बाकीच्यांच्या निम्म्याच मुली आहेत. आईला सांगितलं तर म्हणाली, “डोईमागे घ्या म्हणावं. आमच्या मंडळाच्या पंढरपूरच्या ट्रिपला हाच वाद झाला होता.” निरोप पोचवलाय. उत्तर अजून नाही.