एमजीबी डायरी: अलाइनमेंट, तिसऱ्यांदा

गाडी सरळ चालते आहे. एवढं वाक्य लिहायला सव्वादोन महिने आणि एक टायर गेला, म्हणून ते आधीच लिहून टाकतो.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. गाडी १९७१ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार), क्रोम बंपर, तारांची चाकं. कोल्हापूरजवळ शिरोलीहून किणीकडं हायवेला लागलं आणि काटा सत्तरच्या वर गेला की ती सळसळायची. शेजारून उसाचा ट्रक गेला तर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसायचं. पुढच्या डाव्या टायरची आतली कड पार खाल्लेली.

पहिल्यांदा गेलो ते चकाचक कॉम्प्युटर अलाइनमेंटवाल्याकडं. यादीत एमजीबी नाही, मग पोरानं कुठली तरी हॅचबॅक निवडली. स्क्रीनवर कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत-बाहेर झुकाव, लालभडक. "साहेब, कॅम्बर आउट आहे, वाकवून देऊ का?" मी जवळजवळ गाडीवर आडवाच पडलो. या गाडीत कॅम्बर आणि कास्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागं झुकाव) कारखान्यातूनच ठरून येतात, बोल्ट फिरवून बदलायची सोयच नाही. हातात असतो तो फक्त टो, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत वळलेली (टो-इन) की बाहेर (टो-आउट). तो त्यानं त्या हॅचबॅकच्या आकड्यावर बसवला, तोही एकाच बाजूचा टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) फिरवून. स्टिअरिंग वाकडं झालं, तर चाकच काढून सरळ बसवून दिलं! त्यानंतर रंकाळ्याजवळ यू-टर्न घेताना लक्षात आलं की गाडी डावीकडं जेवढी वळते तेवढी उजवीकडं वळत नाही. रॅक, म्हणजे स्टिअरिंगचा दातेरी दांडा, मध्यावर नव्हताच.

दुसरा प्रयत्न दुसऱ्या दुकानात. निकाल तोच, बिल जास्त.

मग एका मित्रानं उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं नाव सुचवलं. आयुष्य ॲम्बॅसिडरखाली गेलेला माणूस. ॲम्बॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणजे एमजीबीची चुलत बहीणच, इंजिनसुद्धा एकाच बी-सिरीज घराण्यातलं. त्यांनी मशीनचं नावही काढलं नाही. गाडी जॅकवर घेतली, चाक वर-खाली धरून हलवलं आणि मला म्हणाले, "ब्रेक दाबून धरा." ब्रेक दाबल्यावर चाकाचा ढिलेपणा गेला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा (ज्या खिळीवर चाक वळतं ती). डावीकडं राहिला.

"मामा, मशीनवाल्यानं तर काही सांगितलं नाही."

"मशीन खोटं बोलत नाही ओ. पण चाकच डुलतंय, तर त्येनं मापायचं काय?"

डावा किंगपिन आणि बुश बदलले, बुशात रीमर मारून (भोक नेमक्या मापाचं करून) घेतला. पुढचे खालचे आर्म काढलेच होते, तर आतले रबरी बुशही दोन्ही बाजूंचे बदलले. एमजीबीवाल्यांत व्ही-८ मॉडेलचे बुश घालायची जुनी पद्धत आहे, माझ्याकडं ते दोन वर्षं डब्यात पडून होते. किंगपिनला प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल आहेत. चाक उचलून ग्रीस भरलं तरच ते नीट आत जातं. भार असताना भरून समाधान मानणाऱ्यांत मीही होतो. आणि एक, इंची पाने घेऊन जा. मिलिमीटरचे लावून नट गोल करू नका.

आता मजेचा भाग. अलाइनमेंट मी घरीच केली, गवंड्याच्या दोरीनं.

आधी हवा. पुढं २१, मागं २४. (आपल्याकडं कुठंही हवा भरायला सांगितली की ३२ भरतात, मग गाडी ट्रॅक्टर असो नाहीतर एमजीबी.) ड्रायव्हरच्या सीटवर माझ्याऐवजी तांदळाची २५ किलोची तीन पोती. पुढच्या चाकांखाली ग्रीस लावलेल्या पत्र्यांच्या दोन-दोन थाळ्या, म्हणजे चाक अडकत नाही. जॅकवरून उतरवलेली गाडी दहा-वीस फूट ढकलून मगच मापायची, नाहीतर स्प्रिंग नीट बसलेले नसतात आणि कॅम्बर भलताच दिसतो.

दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर दोरी ताणली, ती हबच्या मध्यापासून मोजून समांतर केली. पुढचा आणि मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर) सारखाच धरून चालू नका, फसाल. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मोजून बरोबर निम्म्यावर आणलं आणि बांधून टाकलं. मग रिमच्या पुढच्या कडेपासून दोरी किती लांब, मागच्या कडेपासून किती. तारांचं चाक कधीच शंभर टक्के सरळ नसतं, म्हणून रिमवर खडूची खूण केली, गाडी अर्धा फेरा पुढं ढकलली आणि तीच खूण मागं आल्यावर पुन्हा मापलं. हे टाळलंत तर तुम्ही टो नाही, रिमचा वाकडेपणा मापताय.

सापडलं काय? एकूण ३ मिमी टो-आउट. पाहिजे १/१६ ते ३/३२ इंच टो-इन, म्हणजे साधारण १.६ ते २.४ मिमी. दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवत २ मिमी टो-इनवर आणलं. चार तास, दोन चहा, एक भांडण (पोती परत स्वयंपाकघरात कधी येणार यावरून).

कॅम्बर ओळंब्यानं पाहिला. रिमच्या वरच्या-खालच्या कडांत ३८० मिमी अंतर धरलं तर एक अंश म्हणजे साधारण साडेसहा मिमी. दोन्ही चाकं वरून किंचित बाहेर झुकलेली, तशीच हवीत. मॅन्युअलमध्ये सुमारे १ अंश पॉझिटिव्ह आहे. आजच्या गाड्या बघून ते डोळ्याला खुपतं, एवढंच.

शेवटी तिसऱ्या दुकानात गेलो, पण फक्त मापून घ्यायला. रनआउट (रिमच्या वाकडेपणाची चूक) काढायला लावला, आकडे मीच कागदावर लिहून नेले होते. एकूण टो ०°१८', दोरीच्या २ मिमीला अगदी जुळणारा. कॅम्बर डावा +०°४०', उजवा +०°५५'. कास्टर ६°५०' आणि ७°०५', मूळ आकडा ७. पोरगं म्हणालं, "काय करायचंच नाही की." प्रिंट मात्र दिली.

रविवारी पन्हाळ्याला जाऊन आलो. घाटातल्या वळणातून स्टिअरिंग आपणहून मध्यावर येतं. हायवेला हात सैल सोडला तर किंचित डावीकडं जाते, पण तो रस्त्याचा उतार आहे. उजव्या लेनमध्ये तेवढीही जात नाही.

८०ला हातात बारीक थरथर अजून आहे. ती अलाइनमेंटची नाही. पुढच्या उजव्या चाकावर पेनानं तारा वाजवून बघितल्या, चार तारांचा आवाज बसका येतो. चाक काढून ठेवलंय.